हात पोचला

आमच्या घरात ॲप भाजीसारखी होतात. सकाळी करायची, ताजी वापरायची, संध्याकाळी उरली तर टाकून द्यायची. परवा सासूबाईंनी एक केलं होतं: भिशीला न येणाऱ्या बायकांपैकी खरी आजारी कोण आणि टाळाटाळ करतंय कोण, ते फोनवरच्या आवाजावरून ओळखणारं. चहाच्या वेळी आलेल्या सगळ्या जणी पोट धरून हसल्या आणि कपबशा विसळायच्या आत सासूबाईंनी ते पुसूनही टाकलं. "शिळं ठेवलं की भांडणं लागतात," म्हणाल्या.

कारागीर आल्यापासूनची ही गंमत. पूर्वी ॲप लिहिणारी माणसं वेगळी असायची, पुण्या-बंगळुरात बसायची. आता कराडमधल्या आमच्या हॉलच्या भिंतीशी बोललं की झालं. काय हवंय ते सांगायचं. कारागीर चार प्रश्न विचारतो, कोड लिहितो, स्वतःच तपासतो, चुकलं तर खोडून पुन्हा लिहितो, आणि कुकरची वाफ जिरायच्या आत ॲप तुमच्या हातात. चित्रफिती त्याहून सोप्या. माझे सासरे, म्हणजे बाबा, शाळेत खेळाचे शिक्षक होते. त्यांनी आपल्या जुन्या खो-खो संघाला चंद्रावर खेळवलंय. एकेक गडी झेप घेतो तो थेट खांबाच्या वरून पलीकडे.

या कामात सासूबाई माझ्या कितीतरी पुढे. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, पण मला नेमकं काय हवंय हे सांगताना माझं एक वाक्य धड पुरं होत नाही. "म्हणजे तसं नाही, पण समजा..." असं माझं चालतं. त्या नुसतं "ए कारागिरा, इकडं बघ" म्हणतात आणि घरातल्या सगळ्यांना जसं कामाला जुंपतात तसं त्यालाही जुंपतात.

एकच ॲप मी त्यांच्याहून चांगलं केलं होतं. निदान मला तसं वाटायचं. त्याचं नाव 'पहारा'.

जुई, आमची लेक, दोन वर्षांची झाली आणि वाढवत वाढवत नेलेली माझी रजा संपत आली. संक्रांतीनंतर कॉलेजात रुजू व्हायचं होतं. जुई आजी-आजोबांजवळ राहणार. दोघंही धडधाकट, नातीवर जीव टाकणारे. पण मी घरात असतानाच ही मुलगी दिवसभरात काय काय तोंडात घालायची! शर्टाचं बटण, खडूचा तुकडा, देवापुढची सुपारी. मी वर्गात फळ्याशी उभी राहून शक्यता शिकवणार आणि इकडे ती एखादी शक्यता गिळून बसणार. या विचारानं मी जेवता जेवता उठून तिचं तोंड उघडून बघायचे.

म्हणून पहारा. हॉलच्या छतातला कॅमेरा जुईवर नजर ठेवणार, धोका दिसला की माझ्या मनगटावरचा पट्टा थरथरणार.

"धोका म्हणजे काय काय, सांगाल का?" कारागिरानं पहिल्याच दिवशी विचारलं.

मी सांगायला बसले. शेंगदाणा. द्राक्ष. नाणं. सोफ्याची कड. पायरी. दाराची फट. बाटलीचं झाकण. चहा गार झाला, त्यावर साय आली, तरी माझं संपेना.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. असलं ॲप बरोबर चालतं की नाही, हे तपासायचं कसं? त्यासाठी मूल खरंच ठसकलेलं, खरंच पडलेलं दिसायला हवं. तशी दृश्यं आणायची कुठून, आणि आणावीत तरी का? म्हणून कारागीर ती बनवतो. आमच्या हॉलची लांबी-रुंदी, सोफ्याची उंची, जुईची डुलतडुलत चालायची ढब, हे सगळं तो कॅमेऱ्यातून उचलतो आणि कधीच न घडलेले हजारो प्रसंग घडवतो. त्या खोट्या प्रसंगांवर ॲपची परीक्षा घेतो. जिथे धोका निसटला तिथलं कोड बदलतो, पुन्हा परीक्षा, पुन्हा बदल. वैमानिकाला आधी खोट्या विमानात बसवून वादळं दाखवतात, तसंच हे. वापरणाऱ्याला त्या फिती कधी दिसत नाहीत. कोणी मागतही नाही.

मी मागितल्या.

भिंतीवर आमचाच हॉल उमटला. तेच पडदे, तीच बाबांची खुर्ची. आणि पिवळ्या फ्रॉकातली माझी जुई. ती द्राक्ष उचलते. ती खुर्चीवर चढते. ती पायरीकडे धावते. शेवट दिसायच्या आत कारागीर फीत थांबवत होता, तेवढी समज त्याला होती. पण न दिसलेला शेवट मी मनात पुरा करत होते. शहाण्या बाईनं तिथेच भिंत बंद केली असती. मी म्हटलं, "यात सेफ्टी पिन नाहीये. सेफ्टी पिन घाल."

माझा नवरा हर्षद पाटणच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. शनिवारी घरी आला तेव्हा मी कारागिराला पापडाच्या आकाराचा धोका समजावून सांगत होते.

"ऋजू," तो म्हणाला, "मी दोरीला लटकून पात्याला ग्रीस लावतो. त्याची एक तरी फीत बनवलीस का?"

"तू मोठा आहेस."

"हे आईला सांग जरा. तिला अजून पटलेलं नाही."

पहारा सुरू झाला आणि पट्ट्याला उसंत मिळेना. सासूबाई रोज सकाळी जुईच्या गालावर काजळाची तीट लावतात. पहाऱ्यानं तो काळा ठिपका जखम ठरवला. मी डोक्याला शिकेकाई तशीच ठेवून न्हाणीघरातून धावत आले, तर जुई आजीच्या मांडीवर बसून दुधाची मिशी चाटत होती.

"बघा!" सासूबाई बाबांना म्हणाल्या. "माझी तीट लागली की नाही कामाला? जी काय दृष्ट लागायची ती त्या यंत्रालाच लागली."

आमच्या विषयात दोन चुका असतात. एक, नसलेला धोका दिसणं. दुसरी, असलेला धोका निसटणं. एक दाबायला जावं तर दुसरी फुगते, गादीच्या कापसासारखी. मला दुसरी चूक अजिबात नको होती, अगदी शून्य. त्यामुळे पहिलीनं घर व्यापलं. जुई हसली की पट्टा थरथरे, कारण तोंड उघडं. जुई झोपली की थरथरे, कारण हालचाल नाही. आणि मी पट्टा काढत नव्हते, कारण समजा...

अशात संक्रांत आली आणि सासूबाईंनी बोरन्हाण काढलं.

गेल्या वर्षी जुईला ताप होता म्हणून राहून गेलं होतं. आता सासूबाईंनी काळं झबलं शिवून घेतलं, हलव्याचे दागिने केले: मुकुट, बाजूबंद, इवलासा हार. बिल्डिंगमधली सगळी पोरं बोलावली. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. मुलीला पाटावर बसवायचं. तिच्या डोक्यावरून बोरं, शेंगा, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या असं सगळं ओतायचं. मग तोंडात मावणाऱ्या त्या सगळ्या वस्तूंवर डझनभर पोरं तुटून पडणार. आणि मुलीच्या अंगावर दागिने, तेही खाता येणारे. धोक्यांची माझी सगळी कल्पनाशक्ती पणाला लावूनही मला इतका भरगच्च प्रसंग सुचला नसता. तो आपल्या पूर्वजांनी सण म्हणून बसवला होता.

"आई, नुसत्या चुरमुऱ्यांवर भागवलं तर?" मी विचारलं.

"चुरमुऱ्यांचं बोरन्हाण? मग भेळच करू की. वर कांदा चिरते."

हर्षदनं मधला मार्ग काढला. "कारागिराला सांगून फीत बनवू. हुबेहूब. जुई पाटावर, वरून बोरं पडतायत, सगळे टाळ्या वाजवतायत. गावाकडं पाठवायची. कुणाला कळणार आहे?"

मला तो मार्ग खरंच पटला. एका बोटाच्या खुणेसरशी, एकही बोर न सांडता बोरन्हाण!

सासूबाई हलव्याचा हार ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि बोरं कोण खाणार? भिंतीतली पोरं?"

मग मीच बोलले. ठरवून नव्हे, तोंडातून गेलं. "ठीक आहे. होऊ दे बोरन्हाण. पण पहारा नीट चालला, एकही धोका निसटला नाही आणि फुकटची बोंबही झाली नाही, तरच मी सोमवारी कॉलेजला जाईन. नाहीतर राजीनामा पाठवीन."

हर्षदचं हसू मावळलं. सासूबाईंचा हात दोऱ्यावर थांबला. गेली दोन वर्षं मी संध्याकाळी जुईला झोपवताना तिच्या कानाशी सरासरीची सूत्रं गुणगुणते, हे त्यांना ठाऊक होतं. राजीनामा म्हणजे काय, ते त्या ओळखून होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुझ्या यंत्राला सांग, पोटभर जेवून ये म्हणावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी जुई झोपली तेव्हा मी कारागिराला बोरन्हाण समजावून सांगितलं आणि चाचणीच्या फिती दाखवायला लावल्या. पहिल्या काही तर बघवेनात, हसू येऊन. "डोक्यावरून ओततात" असं मी म्हटलं होतं. त्यानं वाळूच्या ट्रकसारखी बोरं ओतली होती. मी दुरुस्त केलं. मग खऱ्यासारख्या फिती आल्या. जुई पाटावर. बोरं घरंगळली. जुईनं एक उचललं, तोंडात घातलं.

फीत थांबली. दुसरी लागली. उसाचा करवा. तिसरी. शेंग. मी बघत होते, आणि बघता बघता माझी नजर पहिल्यांदाच जुईवरून सरकून मागे गेली.

मागे सगळे उभे होते. सासूबाई, बाबा, हर्षद, समोरच्या फ्लॅटमधली निलोफर. सगळ्यांचे हात बाजूला सरळ सोडलेले. दुकानातल्या पुतळ्यांसारखे. जुईनं बोर तोंडात घातलं तरी कुणी हलत नव्हतं. मी मागची फीत लावली. पुतळे. त्याच्याही मागची, पार पहिल्या दिवसाची, द्राक्षाची फीत लावली. बाबा खुर्चीत बसलेले, हाताच्या अंतरावर. हलत नाहीत.

"कारागिरा," मी म्हटलं, "ही माणसं काही करत का नाहीत?"

"त्यांच्याबद्दल तुम्ही काही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही जुईबद्दल सांगितलंत आणि धोक्यांबद्दल. माणसं खोलीत असतात म्हणून मी ती ठेवली. ती काय करतात, हे मला माहीत नव्हतं."

मला वाटलं होतं, मी याला माझं घर सांगितलंय. मी सांगितलं होतं ते एक रिकामं घर, त्यात एक मूल आणि आठशे वस्तू.

"मग घाल ना त्यांना," मी म्हटलं. "करू दे काहीतरी."

"करतो. पण ती खरोखर काय करतात, ते आधी पाहावं लागेल. छतातल्या कॅमेऱ्यात महिन्याभराचं चित्रण आहे. घरातल्या सगळ्यांची परवानगी असेल तर पाहतो."

बाबा "हो" म्हणाले. हर्षदनं फोनवरून "हो" म्हटलं. निलोफर म्हणाली, "बघू दे, पण माझा मॅक्सीतला अवतार कुठं पाठवू नको म्हणावं." सासूबाई म्हणाल्या, "मी काय चोरी केलीय? खुशाल बघ म्हणावं."

संध्याकाळी कारागिरानं विचारलं, "जे सापडलं ते पाहणार का? हे मी बनवलेलं नाही. हे घडलेलं आहे."

भिंतीवर पुन्हा आमचा हॉल. सासूबाई निलोफरशी बोलतायत, तोंड निलोफरकडे, शेजारी जुई. जुईचा हात तोंडाकडे जातो. सासूबाईंचं बोलणं थांबत नाही, मान वळत नाही, नुसता डावा हात जातो, एक बोट जुईच्या गालाच्या आत फिरतं आणि बटण बाहेर. बटण कनवटीला. गप्पा चालूच.

बाबा पेपर वाचतायत. जुई पायरीच्या दिशेनं सुटते. पेपर हलत नाही. पेपराखालून एक पाय आडवा येतो, जुई त्यावर पोट टेकून लोंबकळते आणि खिदळते. खो-खोचा पाय तो, खांब ओळखणारा.

निलोफर स्वतःच्या मुलाला, रेहानला, भरवतेय. मधेच तिचा हात सोफ्याच्या कडेवर जाऊन पडतो. पुढच्या क्षणी जुईचं डोकं बरोबर त्या हातावर आपटतं. निलोफर "आई गं" म्हणून हात झटकते आणि पुढचा घास भरवते.

आणि मग एक दृश्य, कितीतरी वेळा, वेगवेगळ्या दिवसांचं: सासूबाई जुईच्या हनुवटीखाली तळवा धरतात, ओठांचा चंबू करतात. आवाज नव्हता, पण शब्द दिसत होता. थू. आणि जुई शहाण्यासारखी तोंडातलं जे असेल ते त्या तळव्यात टाकते. बी. साल. एकदा तर चक्क माझ्या पेनाचं टोपण.

"हे तुम्ही सांगितलेल्या धोक्यांपैकीच आहेत," कारागीर म्हणाला. "बहुतेक वेळा पट्टा थरथरायच्या आधी कुणाचा तरी हात पोचलेला होता. तुम्ही खोलीत यायच्या आत ते संपलेलं असायचं."

बऱ्याच दृश्यांच्या शेवटी दारातून मी येत होते. धापा टाकत, मनगट धरून, डोळे फक्त जुईवर. आणि आजूबाजूला सगळे असे निवांत, जणू काही झालंच नाही.

"काय बघतेस?" सासूबाई तिळगुळाची परात घेऊन आल्या. भिंतीवर त्यांचाच तळवा मोठा दिसत होता. त्यांनी निरखून पाहिलं. "अगंबाई, हात केवढा रापलाय माझा. जरा साय लावायला हवी."

मी उठून त्यांच्या हातातली परात घेतली. त्यांचा हात मात्र सोडला नाही. "झालं काय तुला?" त्या म्हणाल्या. मग बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "वेडी कुठली."

रात्रीपर्यंत न थांबता दिवेलागणीलाच मी पहारा बदलून घेतला. कारागिराला सांगितलं, आणि या वेळी माझं वाक्य पुरं झालं: "धोका दिसला की आधी बघ, कुणाचा हात निघालाय का. निघाला असेल तर मला नुसतं एकदा हलकं टिचकावून कळव, की हात पोचला. हात निघालाच नसेल तरच थरथर."

बोरन्हाणाला हॉल फुलून गेला. जुई काळ्या झबल्यात पाटावर, डोक्यावर हलव्याचा पांढराशुभ्र मुकुट, गालाला ठसठशीत तीट. सासूबाईंनी औक्षण केलं. मग मापातून पहिली बोरं पडली आणि जुई दचकली, खालचा ओठ बाहेर आला, आता रडणार म्हणेपर्यंत एक बोर तिच्या नाकावरून टुणकन उडालं आणि ती इतकी हसली की मुकुट तिरका झाला. मग एकच धुमाकूळ. पोरं तुटून पडली. चुरमुऱ्यांचा पाऊस, शेंगांचा सडा, रेहान पाटाखाली शिरलेला, हर्षद करवे उधळणारा सगळ्यात मोठा पोर.

माझ्या मनगटावर टिचकी. आणखी एक. टिच, टिच, टिच, ताशाच्या काडीसारखी. दर टिचकीला मी मान वर करून शोधत होते, आणि दर वेळी एक हात सापडत होता. निलोफरचा, बाबांचा, वरच्या मजल्यावरच्या कुणाचातरी, ज्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. एकदा टिचकी पडली आणि मला हात सापडेना. सगळीकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. रेहानच्या तोंडातून रेवडी काढणारा तो हात माझाच होता.

पट्टा एकदाही थरथरला नाही.

सगळे पांगले. घरभर चुरमुरे. हर्षद केरसुणी घेऊन उभा होता आणि मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हता. जुई सतरंजीवर बसून मुकुटातला एकेक हलवा वेचून खात होती. मीही तिच्याजवळ बसले, सांडलेल्यातलं एक बोर पुसलं आणि तोंडात टाकलं. या हंगामातलं माझं पहिलं. काळजीत असलं की माणूस साधी बोरंसुद्धा खायची विसरतो. आंबटगोड होतं, गर भरपूर.

सासूबाई परात आवरत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मग? सोमवारी डब्याला भाजी काय देऊ?"

हर्षदची केरसुणी थांबली.

माझं तोंड भरलेलं होतं. मी बोटानं "थांबा" अशी खूण केली. तेवढ्यात माझ्या हनुवटीखाली काहीतरी चिकट, गार, इवलंसं टेकलं. जुई समोर उभी होती. तळवा पसरलेला, ओठांचा चंबू.

"थू," ती म्हणाली.

मी बी तिच्या तळव्यात टाकली. तिनं ती नीट पाहिली, मूठ मिटली आणि आजीला दाखवायला धावली. मनगटावर एक टिचकी पडली. भिंतीवर पहाऱ्याची ओळ उमटली: बोराची बी, आईच्या तोंडात. हात पोचला: जुई.

"मेथी," मी म्हटलं. "मेथी द्या, आई."